तो कुत्रा काय काम करणार, हे तरी विचारा

मा. संपादक,
नमस्कार. तुमच्या पेपरात मुलांच्या मानसिक आरोग्याबद्दल अधूनमधून छापून येतं म्हणून लिहितेय. माझं वय १६, मला पॅनिक अटॅक येतात, ट्रीटमेंट चालू आहे, आणि मला असिस्टन्स डॉग, म्हणजे आजारात मदत करायला शिकवलेला कुत्रा, हवाय. हे शेवटचं बोलले की समोरचं माणूस हसून म्हणतं, "अगं, कुत्रा कुठल्या मुलांना नको असतो!" घरी तेच, नातेवाइकांत तेच, शाळेत तर "प्राण्यांना परवानगी नाही" एवढ्यावर विषय संपला. तो कुत्रा करणार काय, हे एकानेही विचारलं नाही, आणि सगळा मुद्दा तिथेच आहे.

घरातला कुत्रा जवळ येऊन बसला की बरं वाटतं, खरंच वाटतं, त्याला कमी लेखायचं नाहीये. पण सायकिअ‍ॅट्रिक असिस्टन्स डॉग, म्हणजे मानसिक आजारासाठीचा, वेगळा, त्याला त्या माणसाच्या आजाराप्रमाणे ठरावीक कामं शिकवलेली असतात. माझंच सांगते. अटॅक यायच्या आधी मी नखांच्या कडेची कातडी सोलायला लागते, रक्त आलं तरी मला पत्ता नसतो. शिकवलेला कुत्रा अशा वेळी हाताखाली नाक खुपसून हात उडवतो आणि आपण थांबेपर्यंत सोडत नाही. अटॅक आलाच तर मांडीवर आडवा पडून अंगाचा भार देतो, त्याला डीप प्रेशर म्हणतात, तसा भार पडला की बऱ्याच जणांचा श्वास हळूहळू जागेवर येतो. गर्दीत पाठीशी उभं राहून थोडी जागा मोकळी ठेवणं, वाईट स्वप्नातून उठवणं, दाराकडे घेऊन जाणं, हे सगळं शिकवता येतं.

माझ्या थेरपिस्टनी मला यादी करायला लावली, मला काय होतं आणि तेव्हा कुत्र्याने काय करायचं. गोळीची आठवण करणं मी लिहिलं होतं ते त्यांनी खोडलं, म्हणाल्या त्याला मोबाइलचा अलार्म पुरतो. बरोबरच आहे, कुत्रा आला म्हणून थेरपी आणि औषधं सुटत नाहीत.

अमेरिकेत एडीए या अपंगांच्या हक्कांच्या कायद्याखाली दुकानात वगैरे दोनच प्रश्न विचारता येतात, हा कुत्रा अपंगत्वामुळे लागतो का आणि त्याला कुठलं काम शिकवलंय. आजाराचा पुरावा मागता येत नाही, रजिस्ट्रेशनही लागत नाही, त्यामुळे ऑनलाइन पैसे भरून मिळणाऱ्या सर्टिफिकेटला तिथे कायद्याने काही किंमत नाही. नुसत्या सोबतीने धीर देणारा प्राणी त्या कायद्यात बसत नाही. म्हणजे कायदासुद्धा कामच विचारतो. माझ्या वयाची मुलं घाबरून असली सर्टिफिकेटं आणि कुत्र्याला घालायची असिस्टन्स डॉगची जॅकेटं मागवतात, प्लीज मागवू नका, न शिकवलेला कुत्रा वर्गात भुंकला की खरी गरज असलेल्यालाही पुढे दार बंद होतं.

आता वयाचं. कुत्रा तयार व्हायला साधारण दीड ते दोन वर्षं लागतात, त्यातही काही कुत्रे मोठ्या आवाजाला दचकतात, काहींचं लक्ष टिकत नाही, ते मधेच बाद होतात. शिवाय बऱ्याच संस्था १८ च्या आतल्या मुलांना एकट्याच्या भरवशावर कुत्रा देत नाहीत, एक मोठं माणूस हँडलर म्हणून, म्हणजे कुत्र्याला सांभाळायला, सोबत लागतं, आणि ते मला पटतं कारण त्याचं खाणं, फिरवणं, डॉक्टर, रोजची प्रॅक्टिस हे परीक्षा आहे म्हणून थांबत नाही. पण ह्याचाच अर्थ असा की "मोठी झालीस की बघू" म्हणत पालकांनी दोन वर्षं घालवली तर कुत्रा येईपर्यंत शाळा संपलेली असते, आणि मला अटॅक शाळेतच जास्त येतात.

शाळेच्याही अडचणी आहेत, मान्य. वर्गात कोणाला अ‍ॅलर्जी असेल, कोणी कुत्र्याला घाबरत असेल, तर बसायच्या जागा बदलाव्या लागतील, आणि काम करणाऱ्या कुत्र्याला हाक मारायची नाही, हात लावायचा नाही हे सगळ्यांना आधी सांगावं लागेल. त्यासाठी पालक, डॉक्टर आणि शाळा एकदा एकत्र बसायला हवेत, आणि त्या मुलालाही तिथे बसवा, कारण अटॅकमध्ये काय होतं ते त्यालाच माहितीये. माझी यादी तयार आहे, डॉक्टरांनी वाचलीय, शाळेनेही वाचावी आणि मग काय ते हो किंवा नाही सांगावं.

तुमची एक वाचक
(कृपया नाव छापू नये)