टी-५५ रणगाड्यात लोडर, म्हणजे तोफेत गोळे भरणारे, असलेल्या आमच्या दफेदार काकांना

काका, नमस्कार.

समोरासमोर आभार मानायला गेलो की तुम्ही "हां हां, चहा घे आधी" म्हणून विषय बदलता हे मला आता पक्कं माहिती झालंय, म्हणून हे असं चारचौघांत लिहितोय, पोरगा वाचून दाखवेलच तुम्हाला.

माझ्या मॉडेलचा टँक झाला एकदाचा. म्हणजे आतून झाला, बाहेरचा रंग बाकी आहे, पण बाहेरचं काय हो, ते कोणीही करतं. ज्यांना या छंदाचं काही माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो, तामिया या जपानी कंपनीचं १:३५ चं, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाच्या मापाचं, टी-५५ चं किट बाहेरून एक नंबर आहे, जोडायला घेतलं की लोण्यासारखं बसतं, पण आत जवळजवळ काहीच नाही, हॅच, म्हणजे वरचं झाकण, उघडी ठेवली तर थेट तळ दिसतो. आतल्या सामानासकट येणारी किटं मिळतात दुसऱ्या कंपनीची, पण कस्टम ड्युटी धरून आकडा बघितला की घरात सांगायची सोय नाही, आणि खरं सांगू का, सगळं आयतं मिळालं तर मग मी काय करू. म्हणून स्क्रॅच बिल्ड, सगळं हाताने घडवायचं. प्लास्टिक कार्ड, सोल्डर वायर, औषधाच्या पाकिटाची फॉइल, इंजेक्शनच्या सुया आणि आपलं एम-सील.

अडचण मटेरियलची नव्हतीच, अडचण होती की आत नक्की कसं असतं ते कळत नव्हतं. नगरचं टँक म्युझियम बघितलंय, १९९४ साली सुरू झालेलं, अप्रतिम आहे, पण तिथे टँक बाहेरून बघायचे. नेटवर फोटो ढीगभर, पण कुठला फिनलंडचा, कुठला पोलंडचा, एकात एक डबा इथे तर दुसऱ्यात तिथे, आणि सगळे वाइड अँगलने काढलेले, त्यामुळे आत ऐसपैस जागा आहे असंच वाटतं. मी त्याच फोटोंवरून मापं काढत बसलो होतो तेव्हा मामांनी तुमचं नाव काढलं, की अरे आपल्या गावचे दफेदार टी-५५ वरच तर होते.

मला वाटलं होतं तुम्ही दोन-चार गोष्टी सांगाल, एखादा जुना फोटो दाखवाल. तुम्ही काय केलंत, तर चुन्याची डबी घेऊन अंगणात उतरलात. टरेट, म्हणजे वरचा फिरता बुरूज, त्याच्या रिंगचा व्यास विचारलात, मी म्हटलं साधारण १८२५ मिलिमीटर, तेवढं वर्तुळ काढलंत, मधे गोठ्यातली फळी टाकलीत तोफेची ब्रीच, म्हणजे गोळा भरायचा मागचा भाग, म्हणून, डावीकडे पुढे मला बसवलंत गनर, नेम धरणारा, माझ्या पाठीला गुडघे लावून तुमचा पोरगा कमांडर, आणि उजवीकडे अर्ध्या जागेत तुम्ही स्वतः लोडर. काकू पायरीवर बसून हसत होत्या. पण तेव्हा, फळी बरगडीला लागत असताना, मला पहिल्यांदा कळलं की आत तीन माणसं म्हणजे काय असतं आणि चौथा, ड्रायव्हर, पुढे खाली एकटाच.

आणि तो डावा हात! लोडर उजवीकडे, ब्रीच त्याच्या डावीकडे, म्हणजे गोळा ढकलायचा डाव्या हाताने. हे वाचलेलं होतं मी, पण तुम्ही म्हणालात, "घरचा भरलेला सिलिंडर उचल, वाकून उचल, वळ, आणि डाव्या मुठीने आत घाल, गाडी चालू असताना." घरी येऊन वजन तपासलं, १०० मिमीचा एक राउंड, म्हणजे गोळा आणि मागची दारूची नळी, केस, मिळून, तीस किलोच्या आसपास आणि आपला भरलेला सिलिंडरही तेवढाच. अंदाज नव्हताच तो, खांद्याला अजून आठवतंय तुमच्या.

त्यानंतर मी मॉडेलचा बेतच बदलला. आधी हॅच उघड्या ठेवून जेवढं दिसेल तेवढंच करणार होतो, आता टरेटची उजवी बाजू रेझर सॉने कापली, लोडरची अख्खी जागा दिसते. ड्रायव्हरच्या उजव्या हाताला जो राउंडचा रॅक आणि डिझेलची टाकी एकत्र असते, १८ राउंडवाली, ती पूर्ण केली. राउंड कसे केले ते सांगतो, तुम्हाला आवडेल. प्लास्टिकचा रॉड ड्रिल मशीनमध्ये पकडला आणि फिरवत फिरवत सँडपेपर लावला, झाला आमचा लेथ. केसची लांबी ६९५ मिलिमीटर, ३५ ने भागली की जेमतेम वीस. एकच नीट घडवला, बाकीचे सिलिकॉनच्या साच्यात रेझिन ओतून. बुडाची कडा मात्र प्रत्येकाची हाताने साफ केली, तिथेच फसवाफसवी पटकन दिसते.

रंगाचं श्रेय तर पूर्ण तुमचं. एरवी आम्ही लोक काय करतो, पांढरा मारतो आणि सगळीकडे सारखे पोपडे काढतो, छान दिसतं म्हणून. तुम्ही बोट ठेवून दाखवलंत, हात कुठे पडतो, बूट कुठे घासतो, कुठे कोणी कधीच शिवत नाही. हॅचच्या कडेला, खालच्या फिरत्या फरशीच्या काठावर, रॅकच्या तोंडाशी रंग उडालेला, आणि वर छताच्या कोपऱ्यात नुसता पिवळटपणा, धुराचा आणि ग्रीसच्या हातांचा. तेवढंच केलं. गनरच्या बाजूला जवळपास स्वच्छ ठेवलंय आणि बघणारे विचारतात की इकडे का नाही केलं, मग मी तुमचं नाव सांगतो.

देवाच्या फोटोचं आठवतंय ना? मी खंडोबाचा बारीकसा फोटो आत चिकटवणार होतो, भारतीय टँक आहे हे कळावं म्हणून. तुम्ही सरळ म्हणालात, देव पाकिटात असायचा, टरेटमध्ये सुटी वस्तू ठेवायची नाही, फिरताना कुठे अडकली तर टरेटच जाम. नाही लावला. वायरी पण तुमच्या सांगण्यावरून सगळ्या क्लिपने दाबून बसवल्यात, लोंबकळणारी एकही नाही.

काही गोष्टी मी विचारल्या आणि तुम्ही "ते सोड" म्हणालात. नोकरी सोडून इतकी वर्षं झाली तरी. तेही आवडलं.

दिवाळीत गावी येतोय, मॉडेल घेऊन. पायरीवर उन्हात ठेवून बघू, भिंग आणतो, चुकलेलं दिसलं तर स्पष्ट सांगा, फेविक्विक अजून सगळीकडे लावलेलं नाहीये. ड्रायव्हरच्या दोन स्टिअरिंग लीव्हरची मूठ मला अजूनही जाड वाटते, ती तुम्हीच बघा. आणि हो, पुढचा पीटी-७६ घेतलाय, पाण्यातही चालणारा हलका रणगाडा, १९७१ च्या युद्धात गरीबपूरच्या लढाईत होता तो, तुमच्या ओळखीत त्याच्यावरचं कोणी असेल तर फोन नंबर काढून ठेवा. काकूंना नमस्कार, आणि चुन्याची डबी मी नवी आणतोय.

तुमचा,
गनर