हँडल नको, खिटी बघ

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

तू बांधतेयस त्या विमानाच्या दाराचा फोटो मिळाला. खाली तू लिहिलंयस, "आई, बसलं एकदाचं!" मी फोटो मोठा करून पाहिला, बाबांनाही दाखवला. फायबर घासून कडा सुरेख आणल्यास, बिजागऱ्याही एका रेषेत आहेत. पण फोटो आतून काढलायस, आणि त्यात दिसतंय ते फक्त हँडल. हँडल बंद आहे एवढं मला कळलं. दार बंद आहे की नाही, ते नाही कळलं.

चिडू नकोस. ही सवय मला कशी लागली ते तुला कधी नीट सांगितलेलंच नाही.

तू नऊ वर्षांची होतीस. आमचं चार आसनी विमान तेव्हा नवं होतं, वरून बिजागरी असलेली, पंखासारखी उघडणारी दोन दारं, तुझ्या विमानासारखीच. रचनाही तीच: हँडल फिरवलं की आतलं दातेरी चाक दोन दांड्यांना उलट दिशांना ढकलतं, एक खिटी पुढच्या चौकटीत जाते, दुसरी मागच्या. मी हौसेने जाड रबराचं सील लावलं होतं, वाऱ्याची झुळूकसुद्धा आत येऊ नये म्हणून. नवं रबर दबत नव्हतं, त्यामुळे उजव्या दाराचा मागचा खालचा कोपरा बाहेर ढकलला जायचा. बंद करताना एका हाताने तो कोपरा आत ओढून धरायचा आणि दुसऱ्याने हँडल फिरवायचं. हे मला माहीत होतं. रबर बदलायचं 'पुढच्या रविवारी' ठरलेलं होतं, आणि असे चार रविवार उलटले होते.

त्या दिवशी उजवं दार बाबांनी ओढलं. हँडल फिरवलं आणि म्हणाले, "आज किती हलकं गेलं!" मला बरं वाटलं. म्हटलं, रबर बसलं वाटतं. हलकं गेलं, कारण मागच्या खिटीला भोक सापडलंच नव्हतं. ती चौकटीच्या बाहेरून, रंगावरून घसरत मोकळ्या हवेत गेली होती, आणि तिला अडवायला तिथे काहीच नसल्यामुळे हँडल शेवटपर्यंत फिरलं. कडी सरकली, पण कोयंड्यात गेलीच नाही. पुढची खिटी मात्र व्यवस्थित बसलेली. त्यामुळे दार हाताला घट्टच लागत होतं.

सहाशे फुटांवर धाडकन आवाज झाला आणि मागोमाग गर्जना. तपासणीचा कागद मागच्या सीटवर उडाला, बाबांच्या खांद्यामागे उजेडाची उभी पट्टी दिसायला लागली. बाबांनी पट्टा सैल करून दोन्ही हातांनी दार ओढायला घेतलं. मी ओरडले, "अहो, सोडा ते! पट्टा आवळा!" ओढाताणीत हँडल फिरलं असतं तर पुढची खिटीही सुटली असती. मग नाक जरा खाली घेतलं, वेग ऐंशी नॉटच्या वर जाऊ दिला नाही, रुंद वळणं घेत उतरले. दार जागेवर राहिलं, पण त्याच्या खालच्या कडेने चौकटीचा रंग खरवडून काढला होता.

रात्री जेवताना तू विचारलंस, "आई, विमानाला काळी रेघ का काढलीस?" तू आजीबरोबर कुंपणाशी उभी होतीस. पांढऱ्या विमानावर दाराच्या मागच्या कडेला रबराची काळी रेघ तुला तिथून दिसली होती. आत बसलेल्या आम्हा दोघांना ती दिसली नाही. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तुझ्या पानात भाजी वाढली.

वेग ऐंशीच्या आत का ठेवला, त्याचा हिशेब सांगते. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ७५ नॉटला तो चौरस मीटरमागे सुमारे ९३ किलो असतो, १५० नॉटला तोच ३७०. हा सगळाच दाराला ओढत नाही. केबिनच्या बाकदार भागावरून हवा जोरात जाते, बाहेरचा दाब उतरतो आणि दार बाहेर खेचलं जातं. या खेचण्यासाठी निम्माच आकडा धरला तरी पाऊण चौरस मीटरच्या दारावर १५० नॉटला १४० किलोच्या आसपास ओढ येते. एका खिटीवर लटकलेलं दार तेवढं सोसेल याचा भरवसा नाही. वर बिजागरी असलेलं दार सुटलं तर मागे शेपटीवर आदळण्याची भीती असते. असं सगळीकडे सारखं नसतं. दाराऐवजी कॅनोपी, म्हणजे डोक्यावरचं काचेचं झाकण असेल आणि तिची बिजागरी पुढे असेल तर वाराच ती फारशी उघडू देत नाही, ती चार बोटं वर तरंगत राहते, तरी शेपटीवरची हवा बिघडवतेच.

हे आपल्या घरचंच गाऱ्हाणं आहे असंही समजू नकोस. व्हॅन्स कंपनीच्या आरव्ही-१० या स्वतः बांधायच्या चार आसनी विमानांची दारं उडताना निघून गेल्याच्या घटना झाल्यावर कंपनीने स्वतःच जादा सुरक्षा-कडी दिली. आणि मोठ्या विमानांचं तर विचारूच नकोस. १९७२ मध्ये कॅनडातल्या विंडसरवर एका डीसी-१० या मोठ्या प्रवासी विमानाचं मागचं सामानाचं दार उडालं, सगळे वाचले. हँडल जोर लावून बंद होत होतं, आतले आकडे पूर्ण बसलेले नसतानाही. त्यानंतर कुलपाची पिन बघता यावी म्हणून दाराला छोटी काच बसवण्यात आली. ३ मार्च १९७४ ला पॅरिसजवळ दुसऱ्या डीसी-१० चं तेच दार गेलं, ३४६ माणसं गेली. त्या दाराला ती काच होती. त्या दिवशी तिच्यातून कोणी पाहिलं नाही.

आता तुझ्या दाराकडे येते. दाराच्या दोन कवचांची चिकटवणी विमानावर आवळूनच केलीस ना? टेबलावर सुकवलेलं दार टेबलाचा आकार घेतं आणि जन्मभर मागच्या कोपऱ्यातून उसवायला बघतं. सीलसाठी वहीचा कागद घे, दाराखाली एकेका ठिकाणी धरून दार लाव आणि ओढून बघ. सगळीकडे सारखाच अडला पाहिजे. एका जागी फाटतो आणि दुसऱ्या जागी सुळकन निघतो, तर जाड रबर लावून ती फट लपवू नकोस. मी तेच केलं होतं.

खिट्या चौकटीच्या नुसत्या फायबरमध्ये शिरू देऊ नकोस. फायबरचं भोक महिन्याभरात अंड्यासारखं लांबट होतं. धातूची पट्टी बसव आणि खिटी तिच्या पलीकडे चांगली बाहेर येऊ दे. टोकाला लाल रंग दे. पलीकडे लाल दिसलं तर ती बसली. मधल्या बाजूला तिसरी कडी लावणार असशील तर जरूर लाव, ती खालची कड आत खेचून घेते.

दार नीट लागलेलं नसेल तर पेटणाऱ्या लाल दिव्याबद्दल मी हट्टी आहे. बटण हँडलला लावू नकोस! आमच्या विमानात तसा दिवा असता तर त्या दिवशी तो शांतपणे विझला असता. खिटी अॅल्युमिनियमची आहे, तेव्हा तिच्या टोकात चुंबक बसव आणि रीड स्विच, म्हणजे चुंबक जवळ आला की जुळणारं बटण, भोकाच्या तळाशी ठेव, म्हणजे बाहेरून घसरलेली खिटी त्याच्याजवळ पोचणारच नाही. दोन्ही दारांच्या चारही खिट्या एकापाठोपाठ एक जोड. चारही आत असतील तरच दिवा विझेल आणि तार तुटली तर तो पेटलेलाच राहील, अशी जोडणी कर. उलट जोडणी सोपी असते, म्हणूनच लोक ती करतात.

पण दिवा असला तरी हात लावायचाच. उन्हात लोक टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवरून चालवत नेताना, दार किंचित उघडं ठेवतात आणि मग विसरतात. म्हणून दारं हे धावपट्टीवर शिरण्याआधीचं शेवटचं काम ठेव. मागच्या खालच्या कोपऱ्याला कोपराने आतून दाब दे. हलला तर इंजिन बंद करून पुन्हा लाव. दार दुसऱ्याने लावलं असेल तर ते तू उघडून पुन्हा लाव, मग तो कितीही जुना वैमानिक असो. बाबांचा अजून यावर राग आहे.

आणि उघडलंच तर? आधी विमान उडव. एफएएच्या, म्हणजे अमेरिकेच्या विमान-नियामक संस्थेच्या, उड्डाण-पुस्तिकेतही हेच आहे: खांद्याचा पट्टा काढून दाराकडे वाकायचं नाही, दाराला हात लावायचा नाही, सावकाश येऊन उतरायचं, उतरण्याआधीची तपासणी नेहमीसारखी पूर्ण करायची, आणि दार थांबल्यावरच लावायचं. विमान हवेत तिरकं करून उघड्या दाराच्या बाजूला घसरवलं तर ते आणखी उघडू शकतं, म्हणून बाजूवारा कुठून आहे ते आधी बघ. आणि हो, बाहेरून टकटक आवाज येत असेल तर घाबरू नकोस, पट्ट्याचं टोक दारात अडकून बाहेर लटकत असण्याचीच शक्यता जास्त. मी एकदा त्यासाठी परत फिरले होते, बाबा दोन दिवस हसत होते.

एक राहिलंच. दार इतकंही घट्ट करू नकोस की बाहेरच्या माणसाला उघडता येणार नाही. विमान उलटं पडलं तर वर उघडणारं दार जमिनीला अडतं. काच फोडायची हातोडी हाताशी ठेव, आणि जादा कडी कुठल्या बाजूला फिरते त्याचा बाण बाहेरून रंगव.

पुढचा फोटो बाहेरून काढ, मागच्या खालच्या कोपऱ्याचा, उजेडात. काळी रेघ दिसते का ते मला बघायचंय.

तुझी,
आई