वरच्या खोलीतल्या मुलास

चि. वरच्या खोलीतल्या मुलास, अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा जुना नंबर लागत नाही, म्हणून सगळ्यांदेखतच लिहिते. वालचंद कॉलेजचा निकाल लागला, तू सांगलीतलं विश्रामबाग सोडून गेलास आणि आभार मानायचे राहिले ते राहिलेच.

आईच्या दहाव्याला कृष्णेच्या घाटावर पिंडाला कावळा शिवेना. दोन तास. समोरच्या झाडावर चांगले पाच-सहा बसलेले, पण एकही खाली येईना. ‘मनात काहीतरी राहिलंय,’ म्हणत मंडळी माझ्याकडे बघायला लागली. काय राहिलं होतं ते मला ठाऊक होतं. तिला मिरजेच्या दर्ग्यातल्या संगीतसभेला जायचं होतं, आणि ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणणारी मीच. हात जोडून तेही कबूल केलं. नाहीच. शेवटी दर्भाचा कावळा केला.

त्या रात्री तू मोटर बंद करायला खाली आलास. सांत्वनाचं एक अक्षर बोलला नाहीस, याचे आभार आधी. नुसता हेडफोन पुढे केलास. अनॅथिमा नावाच्या इंग्लिश रॉक बँडचा ‘वेदर सिस्टिम्स’ हा अल्बम, २०१२ सालचा. खरं सांगू? मधलं एक गाणं मला निव्वळ गोंगाट वाटलं, अजूनही वाटतं. पण शेवटच्या गाण्यात एक माणूस नुसता बोलतो. जो जेरासी, मरणाच्या दारातून परत आलेला. तिकडे भीती नव्हती, शांत होतं, असं तो सांगतो. आणि तानपुरा लागत जावा तसे सूर हळूहळू भरत जातात. तू थांबवून थांबवून मला मराठीत सांगत होतास.

मग म्हणालास, हे लिव्हरपूलचे कॅव्हना बंधू; ड्रमवाल्याची बहीण गाते. (म्हणजे आपल्याकडच्या वाजंत्र्यांसारखं घरच्या घरीच!) पूर्वी घसा खरवडून ओरडायचे. १९९८ मध्ये या भावांची आई गेली, १९९९ चा अल्बम त्यांनी तिच्या नावे केला. तिथून या गाण्यापर्यंत यायला त्यांना तेरा वर्षं लागली, आणि मी दहाव्या दिवशीच हिशेब मागत बसले होते.

मग मी तुला आईची आवडती गोष्ट सांगितली. १९३७ साली अब्दुल करीम खाँसाहेबांना मद्रासहून पाँडिचेरीला जाताना रेल्वेत अस्वस्थ वाटायला लागलं. ते एका लहानशा स्टेशनावर उतरले, तानपुरा जुळवून घेतला, गायले आणि तिथंच गेले. मिरजेच्या त्याच दर्ग्यात त्यांची कबर आहे. तू म्हणालास, ‘काकू, हा पण अल्बमच झाला की!’ दहा दिवसांत पहिल्यांदा हसले मी.

यंदा दर्ग्यात जाऊन आले. आईची सतरंजी नेली होती, पहाटेपर्यंत बसले.

तुझा हेडफोन माझ्याकडेच आहे. डाव्या कानाची गादी उसवली होती, शिवून ठेवलीय. डिपॉझिटही द्यायचंय. ये.

तुझी,
घरमालकीण काकू