बाबा, त्या चौदा दिवसांचं लिहून पाठवा

नागपूर
रविवार, रात्र

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा "आता पुरे" म्हणून तुम्ही फोन आईकडे दिलात आणि तुमच्या अपंगत्व पेन्शनच्या अर्जाचं माझं बोलणं अर्धवट राहिलं. म्हणून हे पत्र. पत्र तुम्ही शेवटपर्यंत वाचता. सीमेवर होतात तेव्हा मी पाठवलेल्या पत्रातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका लाल पेनने दुरुस्त करून परत पाठवायचात, ती पत्रं अजून माझ्याकडे आहेत.

मागच्या महिन्यात कामठीला माजी सैनिकांच्या दवाखान्यात, ईसीएचएसमध्ये, गोळ्यांच्या रांगेत आपण बसलो होतो. तुम्ही नंबर लावायला उठलात आणि तुमची फाईल माझ्या मांडीवर राहिली. इतकी वर्षं ती फाईल मी धरली, उघडली मात्र पहिल्यांदाच. २००६ चा मेडिकल बोर्डाचा कागद. हृदयविकार, अपंगत्व ३० टक्के, कायमचं. त्याखाली लिहिलेलं, हा आजार लष्करी सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेने वाढलेलाही नाही. म्हणजे अपंगत्वाची पेन्शन नाही. कारणाच्या जागी एवढंच, की आजार पीस स्टेशनवर, म्हणजे सीमेपासून दूरच्या शांत ठाण्यावर, सुरू झाला. २४ वर्षांची नोकरी आणि कारण एका ओळीचं. मला तिथे रडू आलं. डोळ्यात काही गेलं असं मी तुम्हाला सांगितलं, ते खोटं होतं.

तुमचं म्हणणं मला ठाऊक आहे. "ज्याच्या मिठावर लेकरं शिकली, त्याच्यावर दावा काहून करायचा?" बाबा, हा दावा फौजेवर नाही. फौजेच्याच नियमावर बोट ठेवून अर्ज करायचा आहे. तुम्ही निवृत्त झालात तेव्हा अशा पेन्शनसाठी १९८२ चे नियम लागू होते. त्यातला पाचवा नियम सांगतो की भरतीच्या वेळी कागदावर आजाराची नोंद नसेल, तर जवान धडधाकट होता असंच धरायचं, आणि पुढे प्रकृती बिघडून त्याला सोडावं लागलं तर ती सेवेमुळे बिघडली असं मानायचं. नववा नियम सांगतो की हक्क सिद्ध करण्याचा भार जवानावर नाही, आणि शंका उरली तर तिचा फायदा त्यालाच. सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २०१३ ला धरमवीर सिंग यांच्या प्रकरणात हेच उचलून धरलं. ते सिग्नल कोअरमधले, साधारण नऊ वर्षांच्या नोकरीनंतर फिट्सच्या आजारावरून घरी पाठवलेले. बोर्डाने नुसतं मत द्यायचं नाही, त्याची कारणं द्यायची, असं न्यायालय म्हणालं. आजार वेगळा आहे, पण ते सगळं वाचताना मला तुमचीच फाईल दिसत होती.

तुमच्या भरतीच्या वेळी, १९८२ ला, डॉक्टरांनी फिट लिहिलं होतं. आजोबांना शेवटपर्यंत छातीचा त्रास नव्हता. मग एक्केचाळिसाव्या वर्षी तुम्हाला झटका आला तो कुठून?

तुम्ही म्हणाल, बिडी. आईला तुम्ही हेच सांगत आलात, "बिडी माझी, तिचा भोगही माझाच." बाबा, वीस वर्षं तुम्ही स्वतःलाच दोषी धरून बसला आहात आणि आम्ही बसू दिलं, याचं मला फार वाईट वाटतं. बिडीने हृदय बिघडतं हे खरंच आहे, मी ते नाकारत नाही. पण लेहची दोन वर्षं, मग ऑपरेशन पराक्रमात डिसेंबर २००१ पासून पुढचे दहा महिने राजस्थानच्या वाळूत, रात्री जागून काढलेल्या, घरी एकही सुट्टी नाही, हेही त्याच हृदयाने सोसलं ना? बिडीचा हिशेब तुम्ही मांडला, मग याचा काहून नाही मांडला? जबलपूरला आलात आणि पीस स्टेशन लागलं म्हणून आधीची सगळी वर्षं पुसली जातात, हे मला पटत नाही.

आता मुख्य गोष्ट. हृदयविकाराच्या प्रकरणात एक तक्ता फार महत्त्वाचा असतो. त्रास सुरू होण्याआधीच्या १४ दिवसांत जवान नेमकी कोणती ड्युटी करत होता, ते युनिटने लिहून द्यायचं असतं. तुमच्या फाईलमध्ये तो तक्ता आहे, आणि त्यात चौदाही दिवसांपुढे "नेहमीची ड्युटी" एवढंच लिहिलं आहे.

मी तेव्हा चौदा वर्षांची होते, त्याच क्वार्टरमध्ये. तो जानेवारी नेहमीचा नव्हता. सव्वीस जानेवारीच्या परेडची तालीम चालू होती, तुम्ही पहाटे चारला उठून जायचात. गार्ड कमांडरची पाळी लागोपाठ आली होती, कारण दोघे सुट्टीवर होते. आणि बीपीईटीची, त्या शारीरिक चाचणीची, तयारी, पाठीवर वजन घेऊन पाच किलोमीटर धावणं. एका संध्याकाळी तुम्ही दारातल्या पायरीवर बसलात, बूटसुद्धा काढले नाहीत, आणि आईकडे ओवा मागितला. गॅस झाला म्हणालात. आई म्हणाली, "बाप्पा, घामानं ओले होऊन राहिले, एमआय रूमला जा न." तुम्ही युनिटच्या त्या दवाखान्यात गेला नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा धावायला गेलात. तिसऱ्या दिवशी तुम्हाला स्ट्रेचरवरून नेलं.

हे मला आठवतं, पण तुकड्या-तुकड्यांनी. तारखा मला सांगता येत नाहीत. म्हणून अर्जावर सही मागण्याआधी मी तुमच्याकडे हे मागते आहे, की ते १४ दिवस दिवसागणिक लिहून पाठवा. कोणत्या रात्री गार्ड, कोणत्या सकाळी तालीम, किती वाजता झोपलात. ज्यांच्यासोबत ड्युटी केली त्यातलं कोणी अजून संपर्कात असेल तर त्यांना विचारा, ते दोन ओळी लिहून देतील का. आई, तुझी दुधाच्या हिशेबाची वही जपून ठेवली आहेस ना? त्यात बाबा घरी नसतील त्या दिवशी तू दूध कमी घ्यायचीस आणि बाजूला "ना" लिहायचीस. त्यावरून रात्रपाळ्या लागतील. ती वही मला हवी आहे.

पुढचं काम माझं. रेकॉर्ड ऑफिसकडून बोर्डाचे आणि भरतीचे कागद माहितीच्या अधिकारात मागवते. आधी पहिलं अपील, मग दुसरं, आणि तिथेही नाहीच म्हणाले तर सशस्त्र दल न्यायाधिकरण. महाराष्ट्रासाठी त्याचं खंडपीठ मुंबईला आहे. प्रत्येक तारखेला तुम्हाला रात्रभर गाडीत बसायची गरज नाही, वकील उभे राहतील. उशीर झाला म्हणून दार बंद होत नाही, पेन्शनचा हक्क दर महिन्याला नव्याने उभा राहतो. थकबाकी मात्र पूर्ण वीस वर्षांची मिळेल असं धरू नका. २००८ च्या तरसेम सिंग यांच्या निकालात ती अर्जाआधीच्या तीन वर्षांपुरती ठेवली होती, आपणही तेवढीच धरून चालू. आणि तुमचे ३० टक्के मान्य झाले तर पेन्शनसाठी ते ५० धरतात. १० डिसेंबर २०१४ च्या राम अवतार निकालाने हा फायदा मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही मिळाला.

आपण जिंकूच असं मी म्हणत नाही. हृदयविकाराची प्रकरणं फेटाळली गेलेलीही मी वाचली आहेत, आणि बिडीचा मुद्दा तिथे निघणारच. तो लपवायचा नाही. तुम्ही खोटं बोलणार नाही, मीही बोलू देणार नाही.

पैशांसाठीच करते असंही समजू नका, जरी पैसे लागतात. संत्र्याचा मृगाचा बहार यंदा अर्धाच आहे हे तुम्ही फोनवर सांगितलं नाहीत, आईने सांगितलं. पण मला त्या कागदावरची ती ओळ बदललेली हवी आहे. तुमच्या नातवाने उद्या ती फाईल उघडली, तर आजोबांचा आजार त्यांच्या सेवेचा कोणीच नव्हता असं त्याने वाचू नये.

संत्र्याची तोड झाली की या दोघं. काटोलहून सकाळची एसटी धरा, मी स्टँडवर येते. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश (पीपीओ) आणि आईची वही एकाच पिशवीत ठेवा, आणि ती पिशवी आईच्या हातात द्या. बाबा, तुम्ही वजन उचलायचं नाही.

तुमची,
धाकटी