तुझ्या हाताखालची चाळीस पोरं

प्रिय मित्रा,

प्रभूमधे सप्रेम सलाम.

तुझा मेसेज परत परत वाचला. व्हॉट्सअपवर उत्तर टाइप करायला घेतलं होतं पण ते तिथे मावेना, म्हणून हे पत्र. शिफ्ट संपल्यावर निवांत वाच, घाई नाही. तू विचारलंयस की उपासना मी चुकवत नाही, दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, देवासाठी बाजूला काढतो, लेंटमधल्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांतल्या, सभांना जातो, पण कंपनीच्या गेटमधून आत गेलो की माझ्यात आणि बाकीच्या सुपरवायझर लोकांत फरक काय, मी ख्रिस्ती आहे हे तिथे कुणाला कशावरून कळावं. टेबलावर वचनांचं कॅलेंडर आहे, बाकी काही नाही असंही लिहिलंस.

कॅलेंडर असू दे रे. पण तुझ्या मेसेजमधे सगळ्यात महत्त्वाची ओळ मला वेगळीच दिसली, ती तू जाता जाता लिहून गेलास, की आता माझ्या हाताखाली ठेकेदाराची चाळीसेक पोरं आहेत, बिहारची, मराठवाड्याची, आणि त्यांचा पगार कधी पंधरा तारखेला होतो तर कधी वीस. मला वाटतं तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्या ओळीतच आहे. जो माणूस आपल्याला नाही म्हणू शकत नाही त्याच्याशी आपण कसं वागतो, तिथे आपला विश्वास असतो किंवा नसतो. साहेबाशी सगळेच नीट बोलतात, पाळकांशी पण बोलतात, त्यातून काही कळत नाही.

नारायण वामन टिळकांचं आठव ना. १८९३ साली नागपूर-राजनांदगाव गाडीत एका परक्या माणसाने त्यांच्या हातात नवा करार दिला, आणि त्यांना धरून ठेवलं कशाने तर डोंगरावरच्या प्रवचनाने, मत्तयाच्या शुभवर्तमानातले ते तीन अध्याय. आता त्या अध्यायांत आहे काय बघ, भावावर रागावू नको, वेदीशी आलास आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर, मागेल त्याला दे, दान करताना शिंग वाजवू नको. सगळं रोजचं वागणं आहे. एवढ्या मोठ्या विद्वान कवीला तेच खरं वाटलं, आणि पुढे १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईला बाप्तिस्मा घेतला, घरदार, नातेवाईक, सगळ्यांचा रोष पत्करून. आपण ते अध्याय शब्बाथ शाळेत बक्षिसासाठी पाठ केले, तू तर माझ्यापेक्षा फास्ट म्हणायचास.

दशांशाबद्दल मला काही बोलायचं नाही, देतोस ते चांगलंच करतोस. पण मत्तय २३ मधे प्रभू ज्यांना झापतो ते लोक तर पुदिना, शेप, जिरं यांचाही दशमांश मोजून देणारे होते. एवढे काटेकोर. त्यांना तो म्हणतो की न्याय, दया, विश्वास या मुख्य गोष्टी तुम्ही सोडून दिल्यात, ह्या करायच्या होत्या आणि त्याही सोडायच्या नव्हत्या. म्हणजे दशांश बंद कर असं तो म्हणत नाही. पण जिऱ्याचा हिशोब लावणाऱ्या माणसाने मजुराच्या पगाराचाही लावावा, एवढं तरी त्यातून निघतंच.

आणि पगाराबद्दल बायबल गप्प नाहीये, उलट खूप बोलतं, आपल्या प्रवचनांतच ते कमी येतं. जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकाचा २४ वा अध्याय वाच, मजूर गरीब आहे, तो आपला बांधव असो की परदेशी, त्याची मजुरी त्याच दिवशी सूर्य मावळायच्या आत दे, कारण त्याचं मन तिच्याकडे लागलेलं असतं. किती बारीक निरीक्षण आहे बघ! तुझी ती पोरं महिन्याच्या सुरुवातीपासून मोबाईलवर बँकेचा मेसेज बघत असतील, गावाकडे आई वाट बघत असेल, खोलीचं भाडं थकलेलं असेल, मेसवाला टोकत असेल. नव्या करारात याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात तर तुम्ही अडवून ठेवलेली मजुरीच ओरडते आणि ती ओरड सेनाधीश परमेश्वराच्या कानी गेली असं लिहिलंय. हे तो श्रीमंतांना म्हणतोय, पण हजेरीचं रजिस्टर ज्याच्या हातात असतं त्यालाही ते लागू होतं असं मला वाटतं.

तू म्हणशील मी काय करू, पगार ठेकेदार देतो. खरंय. पण तुझ्या हातात काय काय आहे ते जरा मोजून बघ. हजेरी वेळेवर वर पाठवणं तुझ्याकडे, ओव्हरटाइमचे तास लिहिणं तुझ्याकडे, अर्धा तास उशीर झाला तर पूर्ण खाडा धरायचा की नाही हेही बरंचसं तुझ्यावरच. एखाद्याचा पीएफ कापला जातोय पण भरला जात नाहीये हे त्याला माहितीच नसतं, तू त्याच्या मोबाईलवर पासबुक उघडून दाखवलंस तर त्याला कळेल. कायद्यानेसुद्धा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत व्हायला पाहिजे, आणि ठेकेदाराने नाही दिला तर जबाबदारी मूळ कंपनीवर येते, हे एचआरला माहिती असतंच, फक्त कुणीतरी शांतपणे, लेखी विचारायला लागतं. मेल टाक. आरडाओरडा नको, कुणाची चहाडी नको, तारखा लिही आणि विचार. यात तुला त्रास होऊ शकतो हे मला दिसतंय, वहिनींशी बोलून मगच कर, घर दोघांचं आहे.

आता एक गोष्ट सांगतो जी अलीकडे माझ्या डोक्यातून जात नाही. बायबलमधलं फिलेमोनाला पत्र. एकच अध्याय, पंचवीस ओव्या, वाचायला पाच मिनिटंही लागत नाहीत, म्हणून की काय आपण ते वाचतच नाही. प्रेषित पौल तुरुंगातून लिहितोय, फिलेमोन नावाच्या एका घरमालकाला, ज्याच्या घरी मंडळी, म्हणजे विश्वासी लोकांची सभा, भरते. आणि त्याच घरातला दास अनेसिम मालकापासून दूर होऊन पौलाकडे आलाय आणि विश्वासात आलाय. पौल त्याला परत पाठवतो आणि लिहितो, याला आता दास म्हणून नको, प्रिय बंधू म्हणून घे, मला घेशील तसा घे. याने तुझं काही नुकसान केलं असेल, काही देणं असेल तर ते माझ्या नावावर मांड, मी पौल स्वतःच्या हाताने लिहितोय, मी फेडीन.

विचार कर, मंडळी त्याच्या घरी भरत होती, म्हणजे गाणी, प्रार्थना, भाकर मोडणं सगळं तिथेच. आणि त्याच छपराखाली काम करणाऱ्या माणसाला भाऊ म्हणायचंय हे मालकाला पत्राने सांगावं लागलं. मला हे वाचून धडकीच भरते. कारण आपली पण घरसभा होते, हॉलमधे सतरंजी टाकतो, चहा होतो, आणि भांडी घासायला आलेल्या ताई मागच्या दाराने येऊन जातात. पौल शेवटी काय लिहितो माहितीय का, माझ्यासाठी उतरायला खोली तयार ठेव. म्हणजे येऊन बघणार आहे तो.

तुझ्या पोरांच्या उचलीचा विषय निघाला की मला हेच आठवतं, माझ्या नावावर मांड. प्रत्येकाची उचल आपण भरू शकत नाही, मला कळतं. पण एखाद्याची तरी भरता येते, कधीतरी, कुणाला न सांगता.

घरचं पण बोलतो, कारण कंपनी लांब राहिली, घर रोजचं. आपल्या ओळखीच्या किती ख्रिस्ती घरांत कामवाल्या ताईंचा कप वेगळा असतो सांग. खिडकीत उपडा ठेवलेला, एकटा. मला ते बघवत नाही. आपण नगर जिल्ह्यातली माणसं, आपल्यातल्या बहुतेकांच्या पणज्यांना गावच्या विहिरीला हात लावू देत नव्हते, वरून कुणीतरी पाणी ओतेल तेव्हा ओंजळीत प्यायचं. सुवार्ता आपल्या घरात आली ती त्या तहानेतून. आणि तीन-चार पिढ्यांत आपण कप वेगळा ठेवायला लागलो? लक्ष्मीबाई टिळकांचं सोवळं बघ किती कडक होतं, नवरा ख्रिस्ती झाल्यावर कित्येक वर्षं त्या वेगळ्या राहिल्या, मग परत आल्या तरी पाणी वेगळं, चूल वेगळी, आणि ते हळूहळू, स्वतःशी वाद घालत घालत सोडलं त्यांनी. एवढं मोठं ओझं त्या बाईने उतरवून ठेवलं आणि आपण ते उचलून परत डोक्यावर घेतोय. सोयरीक जुळवताना आपल्याच लोकांत कोण कुठल्या जातीतून आलेत हे जे हळू आवाजात विचारलं जातं ना, तेही त्यातलंच. तुझ्या पुतणीचं बघताय म्हणून मुद्दाम लिहिलं, राग मानू नकोस. तू घरात वडीलधारा आहेस, तू बोललास तर ऐकतील.

माझं दुकान तुला माहितीच आहे, मेडिकल म्हटलं की रविवारी जास्त गिऱ्हाईक. तरी रविवारी बंद ठेवतो आणि काउंटरवरच्या पोराचा त्या दिवसाचा पगार कापत नाही. लोक म्हणतात तुम्हाला चर्च असतं म्हणून बंद. तेही आहे, पण अनुवाद ५ मधे शब्बाथाचं कारण काय दिलंय बघ, तुझ्यासारखाच तुझ्या दासाला आणि दासीलाही विसावा मिळावा. बैलगाढवांची पण आठवण ठेवलीय त्यात. मी गाणी म्हणायला बसायचं आणि पोराने शटर उघडायचं, हे मला जमणार नाही. पोरगा हिंदू आहे, रविवारी तो क्रिकेट खेळतो, खेळू दे की, गणपतीला त्याला वेगळी सुट्टी असतेच.

काउंटरवर रोज प्रश्न येतात. कुणी बीपीची गोळी अर्धीच पट्टी मागतं, मग समजायचं पैसे कमी आहेत. तिथे मी सांगतो की हेच औषध दुसऱ्या कंपनीचं बरंच स्वस्तात मिळतं, डॉक्टरांना विचारून घ्या, जेनेरिकच्या सरकारी दुकानात पण बघा. माझा मार्जिन जातो, जाऊ दे. झोपेच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय कितीही ओळखीचा असला तरी नाही. रात्री घरी प्रार्थना होते तेव्हा उधारीची वही जवळ ठेवतो, जशी आम्ही आमच्या ऋण्यांस ऋणं सोडली आहेत हे तोंडाने म्हणायचं आणि वही दुकानात कुलपात ठेवायची, तसं मला करवत नाही. काही नावांवर काट मारतो. सगळ्यांच्या नाही, जे देऊ शकतात त्यांना मागतो, स्पष्ट मागतो.

अजून एक, तू लिहिलंयस की मदत केली तर लोक म्हणतील हा बाटवायला निघाला. हो, म्हणतील. हल्ली जरा जास्तच म्हणतात. यावर माझ्याकडे एकच उत्तर आहे, मदतीला दोरी बांधू नकोस. पोराला दवाखान्यात नेलंस तर नुसतं दवाखान्यातच ने, खिशात पत्रिका कोंबू नकोस. आपला बाप चांगल्यावर आणि वाइटावर सारखाच पाऊस पाडतो, तर आपण कोण अट घालणारे. त्याने विचारलं की साहेब तुम्ही असं का करता, तर मग लपवू नकोस, खरं ते सांग, येशूमुळे करतो म्हण आणि थांब.

नगरला जाताना दौंडच्या अलीकडे केडगाव लागतं ना, आपलं नगरशेजारचं नाही, हे रेल्वेवरचं, तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. पुढच्या वेळी उतरू या तिथे, मुलांनाही घेऊ. १८९६-९७ च्या आणि मग १९०० च्या दुष्काळात त्यांनी शेकडो उपाशी, टाकलेल्या मुली आणि विधवा आणून सांभाळल्या, पण नुसतं जेवू घालून थांबल्या नाहीत, शेती, विणकाम, छापखाना या बायकांच्या हातात दिला, आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवलं. आणि हे सगळं चालू असताना मूळ हिब्रू-ग्रीकवरून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबलचं भाषांतर, ते करत करतच १९२२ च्या एप्रिलमधे त्या गेल्या. बायबल आणि भाकरी एकाच आवारात. मला त्या बाईंचं हेच सगळ्यात जास्त आवडतं, हाताखाली आलेल्या माणसाला त्यांनी हाताखालीच ठेवलं नाही. तुझ्या चाळीसातला एखादा पोरगा मशीन शिकायची इच्छा दाखवत असेल तर शिकव त्याला. हेल्परचा ऑपरेटर होऊ दे.

हे सगळं रोज जमतं असं नाही, दमतो माणूस, टार्गेट असतं, घरी आजारपण असतं. म्हणून सकाळी गेटवर कार्ड पंच करायच्या आधी दोन मिनिटं थांबत जा आणि पोरांची नावं घेऊन प्रार्थना कर, नावं, नंबर नाही. नावं पाठ नसतील तर आधी ती पाठ कर.

आता कामाचं. त्या मोतीहारीच्या पोराची उचल किती बाकी आहे ते मला कळव, निम्मी मी बघतो, निम्मी तू, त्याला मात्र आपली नावं सांगायची नाहीत, हिशोबात जमा झाली एवढंच. एचआरला मेल पाठवायच्या आधी मला दाखव, इंग्रजी जरा तपासून देतो. बोनसचा आणि पीएफचा विषय त्यात आत्ता घालू नकोस, पहिलं पगाराच्या तारखेचं होऊ दे. माझ्या ओळखीचे एक वकील आहेत, कामगार खात्यात अर्ज कसा करतात ते त्यांना विचारून ठेवतो. चर्चच्या हंगामाच्या सणाला नगरला येशील तेव्हा भेटूच, तिथे अर्पण म्हणून आणलेल्या वस्तूंचा लिलाव होतो ना, त्यासाठी आईने कोंबडी राखून ठेवलीय आणि ती तूच घ्यायचीस असा तिचा हुकूम आहे.

वहिनींना आणि काकूंना सलाम, पोरांना गोड पापा.

तुझाच,
नगरचा दोस्त