नाचाच्या बातमीत संगीत कोणाचं तेही छापा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही नृत्याच्या कार्यक्रमांवर पानभर मजकूर दिला, फोटो तर मस्तच होते, पण संगीत कोणाचं, लाईव्ह होतं की रेकॉर्डेड, याचा एका ओळीतही पत्ता नाही. मला ते फार लागलं, का ते सांगतो.

मी गाण्याचा माणूस. आपल्या जळगावचा बालगंधर्व संगीत महोत्सव कधी चुकवत नाही. नाचातलं फारसं कळत नाही, कथ्थक असलं तरी माझे कान तबल्याकडे न् लेहऱ्याकडेच (तालाचं आवर्तन धरून सतत वाजणाऱ्या धुनेकडे) असतात. मागच्या महिन्यात मुंबईला लेकीकडे गेलो होतो, ती म्हणे पप्पा चला, कंटेम्पररी बॅलेची तिकिटं काढलीयेत.

बसलो तर वादक कोणीच नाही, सगळं स्पीकरवर. मन खट्टूच झालं. आपल्या सातपुड्यात काठी गावच्या होळीला नाचणारा कमरेला घुंगरं न् वाळलेले भोपळे बांधून स्वतःच वाजत असतो, ढोल छातीत घुमतो, तिथं नाच न् वाजवणं वेगळं काढताच येत नाही. इथं पहिले दोन आयटम नुसता दणका.

मग तिसरा आला. अंधुक लाईट, एक मुलगा, एक मुलगी, न् फक्त पियानो आणि व्हायोलिन. पियानोचे तीन-तीन सूर तानपुऱ्यासारखे चालूच, न् व्हायोलिन कधी खालून, कधी वरून येऊन एकाच सुरावर टेकायचं, हळूहळू एकेक सूर वाढवत, पण परत तिथंच. अहो, ही तर बढत, रागात एकेक सूर हळूहळू उलगडत नेतात ना, तीच! मी सवयीनं त्या सुरावर मान हलवायला जायचो, पण ती मुलगी तिथं थांबायचीच नाही, सूर विरत आला की मग कुठं तिचा हात खाली यायचा. सूर लागला की माझं ऐकणं आजवर संपायचं, तो विरतो कसा हे त्या हातामुळं कळलं. हॉल इतका शांत की तिच्या बुटाचं कडक टोक फळीवर टेकल्याचा बारीक टक् सुद्धा ऐकू येत होता, न् तोही मला त्या संगीतातलाच वाटला.

रचना कोणाची म्हणून पत्रक बघितलं तर स्पॉन्सरची रांग, कपडेवाल्याचं नाव, संगीतकाराचं नाहीच. शेवटी साऊंडवाल्या पोराला गाठलं, त्यानं तिकिटाच्या मागं लिहून दिलं, आर्वो पार्ट, 'श्पीगल इम श्पीगल', म्हणजे आरशात आरसा. एस्टोनियाचे संगीतकार, 1978 ची रचना. घरी आल्यापासून रोज रात्री ऐकतोय.

1913 साली पॅरिसात संगीतकार स्ट्राविन्स्कीच्या 'राइट ऑफ स्प्रिंग' या बॅलेवर केवढा गोंधळ झाला होता, निजिन्स्कीनं बसवलेला तो नाच थोड्याच प्रयोगांत बंद पडला पण संगीत आजही जगभर वाजतंय. आणि आपण नावच गाळायचं?

तेव्हा विनंती एवढीच, नाचाच्या बातमीखाली संगीतकार न् वादकांची एक ओळ टाका, आणि येत्या होळीला काठीची बातमी देताना ढोल कोणत्या गावचा, वाजवणारे कोण, तेही छापा.

आपला,
एक कानसेन वाचक, जळगाव