रविवारी गोठलेल्या तळ्यावर येणाऱ्यांसाठी सूचना

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी सकाळी ८ वाजता तळ्याच्या काठावर जमायचं आहे. बर्फ मोजून होईपर्यंत कोणीही तळ्यावर उतरायचं नाही, मग अनुभव कितीही असो.

- पायी चालायला काचेसारखा नितळ बर्फ किमान १० सेंटिमीटर जाड हवा. पांढरट बर्फाची ताकद साधारण निम्मीच, म्हणून तिथे दुप्पट जाडी धरा. गटप्रमुख पुढे जात जागोजागी भोक पाडून मोजतील. एकदा मोजून भागत नाही.
- ओढा मिळतो ती जागा, पुलाखालचा भाग आणि लव्हाळ्याचा काठ टाळा.
- बर्फाचे टोचे (पाण्यात पडल्यास बर्फात रोवून स्वतःला वर ओढायच्या टोकदार मुठी) गळ्यातच अडकवा. बॅगेतले टोचे पाण्यात हाती लागत नाहीत.

बर्फ फुटून आत पडलात तर पहिलं मिनिटभर श्वास आवरत नाही. तेवढा वेळ फक्त तरंगत राहा. त्यानंतर हातपाय नीट चालतात ते जेमतेम १० मिनिटं. आलात त्याच दिशेला वळा, कारण तिथल्या बर्फाने तुमचं वजन पेललेलं असतं. टोचे रोवा, पाय जोरात मारा, पोटावर सरकत वर या. लगेच उभे राहू नका, लोळत दूर जा.

दुसरं कोणी पडलं तर त्याच्याकडे धावू नका, ही कळकळीची विनंती. आडवे होऊन दोर किंवा काठी पुढे करा आणि आपत्कालीन मदत बोलवा.

मद्यपान करून आलेल्यांना बर्फावर सोडणार नाही. मुलं सोबत असतील तर शुक्रवारपर्यंत कळवा, तेवढे जादा टोचे आणावे लागतील.